घरचे कुत्रे आजारी पडले तर
(घोडपदेव, मुंबई येथे साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आम्ही कुत्र्यांच्या दुखण्यावर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, माणसांची दुखणी काय थोडी आहेत, की आता कुत्र्यांची काढली? पण शेवटपर्यंत ऐका. कुत्र्याच्या दुखण्यात घरच्या पोराबाळांचा जीवही गुंतलेला असतो.

आपल्या घोडपदेवला आता पुष्कळ घरांत लहान कुत्रे दिसते. कोणाकडे पांढरा केसाळ पॉमेरेनियन, कोणाकडे चपट्या नाकाचा पग, कोणाकडे गल्लीतलेच उचलून आणलेले पिल्लू. शिमग्याला, गणपतीला माणसे गावी निघाली की तेही मांडीवर बसून गावी जाते. गावाकडे तर दारात कुत्रे असतेच. त्याला भाकरी मिळते, पण दुखणे आले की आपण म्हणतो, "होईल आपोआप बरं." मोठे दांडगे कुत्रे कधी कधी तगतेही. लहान कुत्रे आणि पिल्लू मात्र तगत नाही. त्याच्या दुखण्यात वेळ फार थोडा मिळतो.

असे का? हिशेब सोपा आहे. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. पाच किलो वजनाच्या कुत्र्याच्या अंगात अर्धा लिटरही नसते. आपले वाटीभर रक्त गेले तर आपल्याला फारसे कळत नाही. त्याचे वाटीभर गेले तर त्याच्या जिवावर बेतते. जुलाबातून पाणी जाते, त्याचेही तसेच. म्हणून लहान कुत्र्याच्या बाबतीत "उद्या बघू" म्हणू नका.

दुखणे ओळखावे कसे?

कुत्र्याला बोलता येत नाही, पण त्याचे अंग बोलते. त्याचा ओठ वर करून हिरडी बघा. निरोगी कुत्र्याची हिरडी गुलाबी असते. बोटाने दाबली की पांढरी होते आणि बोट काढताच दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. हिरडी पांढरी, निळी किंवा पिवळी दिसली तर ताबडतोब डॉक्टर गाठा. (काही कुत्र्यांची हिरडी जन्मतःच काळी असते. तिथे डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघावा.)

मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच बसली तर ठीक. तंबूसारखी उभी राहिली तर अंगातले पाणी कमी झाले असे समजा.

कुत्र्याचे अंग आपल्यापेक्षा गरमच असते. १०१ ते १०२.५ अंश ही त्याची नेहमीची उष्णता. तेव्हा नुसता हात लावून ताप ठरवू नका.

जुलाब आणि ओकारी

एखाद्या वेळी ओकले, पण खेळते आहे, पाणी पिते आहे, तर घाबरू नका. उकळून गार केलेले पाणी थोडे थोडे द्या. मऊ भात द्या. तेल, तूप, मसाला देऊ नका.

पण पिल्लू सारखे ओकते, जुलाबातून रक्त पडते, घाण वास येतो, ते निपचित पडते, तर तो पार्व्हो नावाचा रोग असू शकतो. हा रोग पिल्लाला दोन-तीन दिवसांत नेतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. वेळेवर सलाईन मिळाले तर पुष्कळ पिल्ले वाचतात. या रोगाचे जंतू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून एक पिल्लू दगावले की त्याच जागी दुसरे लगेच आणू नये.

यावर लस आहे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस टोचावी. पुढच्या लशी डॉक्टर सांगतील त्या दिवशी टोचून घ्याव्या. एक टोचली आणि काम झाले, असे नाही.

अगदी लहान पिल्लाला उपाशी ठेवू नये. उपाशी राहिले की त्याच्या रक्तातली साखर उतरते. ते थरथरते, लटपटते, गार पडते. अशा वेळी साखरेचे पाणी बोटाने हिरडीला चोळा, फडक्यात गुंडाळून ऊब द्या आणि निघा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका. ते श्वासनळीत जाते.

ऊन लागणे

आपल्याला घाम येतो म्हणून आपण गार होतो. कुत्र्याच्या अंगाला तसा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. चपट्या नाकाच्या कुत्र्याचा हा पंखा जन्मापासूनच कमी चालतो. पत्र्याच्या खोलीत, बंद गाडीत किंवा उन्हात बांधून ठेवलेल्या कुत्र्याला ऊन लागते. ते जोरजोरात धापते, लाळ गाळते, हिरडी लालभडक होते, मग ते कोसळते.

काय करायचं? सावलीत आणायचं. साध्या पाण्याने सगळं अंग भिजवायचं. वारा घालायचा. शुद्धीवर असेल तर घोट घोट पाणी द्यायचं. बर्फात घालायचं नाही. ओलं जाड फडकं अंगावर झाकून ठेवायचं नाही, त्याने उष्णता आतच कोंडते. आधी गार करायचं, मग डॉक्टरकडे न्यायचं. वाटेतही वारा घालत राहायचं.

घशात अडकणे

शिजलेले हाड कुत्र्याला देऊ नका. ते फुटते, त्याच्या सुया होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

खाता खाता घास अडकला, कुत्रे गुदमरले, तर तोंड उघडून बघा. वस्तू दिसत असेल आणि हाताला येत असेल तरच काढा. दिसत नसेल तर बोट आत खुपसू नका, ती आणखी खाली जाते. लहान कुत्र्याचे मागचे पाय वर, डोके खाली धरा आणि दोन्ही खांद्यांच्या मधे तळहाताने चार-पाच थापा मारा.

इथे एक धोक्याची सूचना. खाताना काही झालेले नाही, पण कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, आवाज बदलला आहे, पाणी गिळता येत नाही, तर "घशात हाड अडकलं" असे समजून तोंडात हात घालू नका. पिसाळलेल्या कुत्र्याचीही हीच लक्षणे असतात. त्याच्यापासून दूर राहा, मुलांना दूर ठेवा आणि डॉक्टरांना कळवा.

झटके येणे

कुत्र्याला झटके आले की लोक धावतात, चप्पल हुंगवतात, कांदा फोडतात, तोंडात चमचा घालतात. यातले काही करू नका. दात मिटलेले असतात, हात गेला तर चावा बसतो. कुत्रे पायरीवरून पडणार नाही एवढे बघा. दिवा मालवा, गलबला थांबवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत झटका थांबला नाही किंवा एकामागून एक येऊ लागले तर उचलून दवाखान्यात न्या.

लहान जातीची कुत्री व्याली, पिल्ले दोन-चार आठवड्यांची झाली आणि ती थरथरू लागली, ताठ झाली, तर तिच्या रक्तातला चुना उतरलेला असतो. पिल्ले दुधात गेला तो. पिल्ले तिच्यापासून लगेच वेगळी करा आणि तासाच्या आत डॉक्टर गाठा. शिरेतून औषध मिळाले की कुत्री बहुधा वाचते.

जखम आणि गोचीड

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके दाबून धरा. पाच-दहा मिनिटे धरा, सारखे उचलून बघू नका. दुखणारे कुत्रे धन्यालाही चावते, म्हणून नाडीने तोंड बांधा. मात्र ते ओकत असेल किंवा त्याला दम लागला असेल तर तोंड बांधू नका. हाड मोडले असेल तर ओढाओढ न करता फळीवर किंवा टोपलीत निजवून न्या. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. तिच्यात रॉकेल, पेट्रोल, फिनेल ओतू नका. कुत्रे ते चाटते, ते पोटात जाते आणि जखमही भाजते. किडे काढून औषध लावण्याचे काम डॉक्टरांचे आहे.

गोचीड कानात, बोटांच्या बेचक्यांत, काखेत असते. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये, रॉकेल लावू नये. गोचिडीतून कुत्र्याला ताप येतो, हिरडी फिकी पडते, खाणे सुटते, लघवी गडद होते. वेळेवर औषध झाले तर बहुतेक कुत्री बरी होतात.

आपली गोळी कुत्र्याला नको

अंग गरम लागले म्हणून लोक आपल्या तापाची गोळी कुत्र्याला देतात. हिशेब करा. पन्नास किलोच्या माणसाची एक गोळी पाच किलोच्या कुत्र्याला देणे म्हणजे त्या माणसाने एका वेळी दहा गोळ्या खाणे. शिवाय कुत्र्याचे काळीज आपल्यासारखे ती गोळी पचवत नाही. आपली अंगदुखीची गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीही देऊ नका.

चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षे आणि मनुका या वस्तूही त्याला विषासारख्या आहेत.

उंदराचे औषध खाल्ले तर मिठाचे पाणी पाजून ओकवू नका. औषधाचे पाकीट बरोबर घ्या आणि निघा. आज कुत्रे ठीक दिसते म्हणून थांबू नका. काही औषधांनी तीन-चार दिवसांनी अंगातल्या अंगात रक्त वाहू लागते. मग हातात काही राहत नाही.

कुत्रे चावले तर

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पिसाळण्याचा रोग एकदा माणसाच्या अंगात दिसू लागला की त्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. पण चावल्याबरोबर नीट काळजी घेतली तर तो टाळता येतो.

पहिले काम, नळाखाली साबणाने जखम पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद, तेल लावू नका. दुसरे काम, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लस घ्या. जखम खोल असेल तर जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात, तेही घ्या. तिसरे काम, सगळ्या सुया ठरलेल्या दिवशी पुऱ्या करा. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण लशीसाठी दहा दिवस थांबू नये. "छोटंसं पिल्लू होतं, नुसतं ओरखडलं" असे म्हणू नका. पिल्लूही पिसाळते.

पुष्कळांना पोटातल्या चौदा सुयांची भीती असते. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पर्यंत बंद झाली. आता दंडात चार-पाच वेळा टोचतात, लहान मुलाला मांडीत टोचतात.

या लशीची सुरुवात फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी केली. १८८५ साली त्यांनी पिसाळलेले कुत्रे चावलेल्या नऊ वर्षांच्या जोसेफ मायस्टर या मुलाला ती टोचली आणि मुलगा वाचला. आपल्या शेजारी परळला १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा जुन्या सरकारी बंगल्यात आली. तिलाच १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरची लस पुढे तिथेही तयार होत असे.

परळलाच जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून ते १८८३ साली स्थापन झाले आणि त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव त्याला दिले. १८८६ साली तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही निघाले. घोडपदेवच्या माणसाला हे सारे हाकेच्या अंतरावर आहे. गावच्या माणसाने गुरांच्या दवाखान्यात जावे. नाव गुरांचे असले तरी तिथले डॉक्टर कुत्र्यालाही तपासतात. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला पिसाळण्याची लस टोचा आणि पुढे दरवर्षी टोचत राहा. त्या एका सुईने कुत्रे वाचते आणि घरही वाचते.

नामदेवांची गोष्ट तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कुत्रे कोरडी भाकरी घेऊन पळाले आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. त्यांनी त्या मुक्या जिवाची गरज ओळखली. आपणही ओळखू या. आज त्याला तुपाच्या आधी लशीची गरज आहे.

घरी गेल्यावर आजच चार कामे करा. कुत्र्याची हिरडी बघून ठेवा, म्हणजे तिचा निरोगी रंग कळेल. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. एका डब्यात स्वच्छ फडके, नाडी, चिमटा आणि साखर ठेवा. आणि लशीचा कागद काढून त्यावरची तारीख वाचा. आता तुम्हाला वाचता येते. तारीख उलटून गेली असेल तर उद्या सकाळीच कुत्र्याला घेऊन निघा.