दात कशाने घासता?



विडी कामगारांच्या युनियनच्या माणसाने मजुरीवर बोलावे. गरोदर बायांच्या दवाखान्यात त्याचे काय काम, असे आपणांस वाटेल. पण ज्यांच्या मजुरीसाठी आम्ही भांडतो त्यांत बायाच अधिक. त्यांची लेकरे अशक्त उपजणार असतील, तर वाढलेल्या मजुरीला काय अर्थ?

आपल्याकडे कष्टकरी बायका मिश्री लावतात. तव्यावर तंबाखू भाजून केलेली ही काळी पूड. तिला घरात कोणी व्यसन म्हणत नाही. ते दात घासणे! तंबाखूतले निकोटीन हिरडीतून रक्तात आणि वारेतून गर्भात जाते. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. बिनधुराची तंबाखू, बहुतेक मिश्रीच, वापरणाऱ्या मातांची मुले सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. जे मूल मुळातच अडीच किलोच्या काठावर आहे, ते एवढ्यानेच काठाखाली जाते.

प्रत्येक गरोदर स्त्रीला तंबाखूविषयी विचारावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली सांगितले. दारू व इतर अमली पदार्थांविषयी २०१४ साली. 'प्रत्येक' हा शब्द मोलाचा आहे. वस्ती पाहून विचारणे ही झडती झाली. सर्वांनाच विचारले की कोणाची अब्रू जात नाही.

कसे विचारावे? 'तंबाखू खातेस का?' म्हटले की ती 'नाही' म्हणते, आणि तिच्या मते ते खरेच असते. 'बाई, दात कशाने घासता?' असे विचारा. सासूबाईंना घटकाभर बाहेर बसवा. भूक मारायला लावते, की दाढ दुखते म्हणून, ते ऐका. दाढेवर इलाज करा. सोडल्यावर थोडे दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, मग ओसरेल, हे आधी सांगा. पुढच्या खेपेस पुन्हा विचारा. गरोदरपणी गोळीपेक्षा हे बोलणेच पहिला उपाय. रागावलात, तर ती मिश्री सोडणार नाही, दवाखाना सोडील.

कोणी आम्हांला टोचील, 'तुमचेच पोट तंबाखूवर!' खरे आहे. म्हणूनच तिची किंमत कोण भरते, हे आम्ही बोललेच पाहिजे.

२०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तेथे एक पडदा, एक परिचारिका आणि पाच मिनिटे, एवढीच मागणी. तिला संप लागत नाही. आपल्यासारख्या नागरिकांनी ती उचलून धरली, तरी पुरे.