स्तनाचा कर्करोग व वाढीची प्रथिने


पेशींस वाढीचा निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या शोधाबद्दल कोहेन व लेव्ही-मोंताल्चीनी यांस १९८६ चे नोबेल पारितोषिक लाभले. हा निरोप घेणारे ग्राहक पेशीच्या पृष्ठभागावर असतात. स्तनाच्या काही कर्करोगांत ‘हर-टू’ हा ग्राहक बेसुमार वाढतो; मग निरोप नसतानाही पेशी विभागत राहते. त्यास रोखणारे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आपल्या कमल रणदिवे यांनीही मुंबईत उंदरांवर या रोगाचे संशोधन केले.

परंतु गाठ लाजेने लपविली, तर औषध काय करणार? काष्टीच्या बाजारात बैल पारखून घेणारे आम्ही घरच्या माउलीचे दुखणे मात्र उशिरा ओळखतो. गाठ दुखत नसली तरी तत्काळ डॉक्टरांस दाखवावी, हीच आमची कळकळीची विनंती.