राहते घर, भाड्याच्या खोल्या आणि बँकेचे कर्ज

(संस्थेच्या मेळाव्यात कपिलधार येथे केलेले भाषण)



मी बँकेतला साधा कारकून. भाषणाची सवय नाही; पण कर्जाच्या टेबलावरून आपली माणसे निराश होऊन परत जाताना पाहिली आहेत, म्हणून चार शब्द बोलतो.

बीडला किंवा मांजरसुंब्याला चार खोल्या बांधाव्यात, दोहोंत आपण राहावे, दोन भाड्याने द्याव्यात, असे अनेकांच्या मनात असते. विचार चांगला आहे. पण बँक घराआधी कागद पाहते.

पहिला कागद मालकीचा. पुष्कळजण ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणातील घरांसाठी २०२० साली स्वामित्व योजना सुरू झाली. तिच्यात ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. ती जरूर घ्या. गायरानावरील घराची गोष्ट वेगळी. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते जमिनीच्या हक्कासाठीच. तो हक्क कागदावर आल्याशिवाय असे घर तारण ठेवता येत नाही.

दुसरा कागद उत्पन्नाचा. समजा, पगार २४,००० रुपये. सर्व हप्ते मिळून निम्म्यात, म्हणजे १२,००० मध्ये बसावेत, असा हिशेब धरू. मोटारसायकलचा हप्ता ३,००० असेल, तर घरासाठी ९,००० उरले. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी सुमारे १० लाख कर्ज बसते. त्या एका गाडीने घराचे सव्वातीन लाखांहून अधिक कर्ज अडवले!

आता भाडे. हातात रोख घेतलेले, करार नसलेले भाडे बँकेच्या लेखी नसल्यातच जमा. दरमहा ४,००० भाडे करारासह खात्यावर येत असेल आणि बँकेने त्यातले निम्मे उत्पन्नात धरले, तर पात्रता सुमारे १ लाख ११ हजारांनी वाढते. म्हणून आजच भाडेकरार करा, भाडे खात्यावर घ्या, आयकर विवरणपत्र भरा. न बांधलेल्या खोल्यांच्या भाड्यावर मात्र भरवसा ठेवू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळते. उरलेले आपल्यालाच उभे करावे लागतात.

शेवटचे सांगतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचा चौथा हिस्सा संकटासाठी राखायला सांगितले आहे. खोली रिकामी पडली तरी हप्ता थांबत नाही. निदान सहा हप्ते गाठीशी ठेवा, मगच सही करा. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आईवडिलांचे कागद आज रात्रीच एकदा वाचून पाहा. बाबासाहेबांनी दिलेल्या शिक्षणाचा तोही एक उपयोग आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!