कोंबडी बाईची, अंगण कुणाचं?

(अमरावती-अकोला भागातल्या बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)



मला विषय दिलाय 'परसातल्या कोंबड्या आणि घरची भट्टी'. घराला लागून दोन गुंठे जागा, दहा-पंधरा कोंबड्या, जमलं तर ज्वारीची नानकटाई भाजून बाजाराला. ऐकायला गोड आहे. एमएसडब्ल्यू करून मी गावात आले, तेव्हा माझ्या पिशवीतही हेच होतं.

पहिल्याच वर्षी तोंडावर आपटले. मूर्तिजापूरकडच्या एका गावात गटाला मी एकदम २०० पिलं घ्यायला लावली, तीही एप्रिलात. इथला मे महिना तुम्हाला सांगायला नको. वर टिनाचं छप्पर. उन्हातून वाचली ती मानमोडीनं गेली, कारण लस दिलेली नव्हती. गटाचं कर्ज तेवढं जिवंत राहिलं. एक म्हातारी मावशी म्हणाली, "बाई, तुमाले कोंबडी समजतच नाई. पयले आमाले इचारलं असतं तं सांगतलं असतं." खरंच, मी विचारलं नव्हतं.

मग तिच्याच ओट्यावर बसून शिकले. चार-पाच देशी तलंगा आणि एक कोंबडा, एवढ्यावर सुरुवात करावी. खुडूक बसली की खाली दहा-बारा अंडी ठेवावीत, २१ दिवसांनी पिलं. उन्हाळ्यात बसवू नये. उकिरडा, सांडलेली ज्वारी, वाळवी यावर ती पोट भरते. मुंगूस आणि बोका यांच्यापासून तेवढी जपावी. वनराजा, गिरिराज या जाती अंडी जास्त देतात, पण सहसा खुडूक बसत नाहीत. म्हणजे पुन्हा पिलं विकत. मावशीच्या हिशेबात मी एकच भर घातली, लसीची. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब. ही बाटली एकदा फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते, दहा पिलांसाठी कुणी फोडत नाही. म्हणून सगळ्या वस्तीनं एकच दिवस ठरवावा लागतो. माझ्या भाषणांनी जो गट एकत्र आला नाही, तो या बाटलीनं आणला!

भट्टीचंही तेच. गोवरीच्या विस्तवात रोडगे, पानगे भाजणाऱ्या बायांना आच शिकवायची गरज नाही. दिवाळीच्या आधी आपण पीठ, साखर, डालडा घेऊन बेकरीत रांग लावतोच. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, तिचा पाव फुगत नाही. पण नानकटाईला फुगावंच लागत नाही, ती खुसखुशीत होते. विकायची असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या, लहान धंद्याला ती साधी असते. (अंड्यांचं एक विचारते. घरात पहिलं अंडं कुणाच्या ताटात पडतं? हसू नका. पोरीला किती मिळाली, तेही वहीत लिहा.)

आता खरं बोलते. दर्यापूरकडच्या आमच्या एका बहिणीचं हे सगळं नीट चाललं होतं. बारा कोंबड्या, मागच्या भिंतीला धरून बांधलेली भट्टी, आठवडी बाजारात ठरलेलं गिऱ्हाईक. नवऱ्यानं दुसरी आणली. घर सासऱ्याच्या नावावर. एका संध्याकाळी ती डालगं डोक्यावर घेऊन माझ्या दारात उभी. म्हणाली, "कोंबड्या माह्या होत्या, त्या आणल्या. भट्टी भितीत होती, ते राह्यली." तीन वर्षांचा धंदा एका डालग्यात मावला. प्रशिक्षणाच्या माझ्या कागदांत भांडवल, खाद्य, नफा यांचे रकाने होते. जागा कुणाची, हा रकानाच नव्हता.

हा प्रश्न आपल्याकडे आधी कुणी विचारला नाही, असं नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' सुरू केली: नवऱ्यानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून द्यायचा. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात गाजलं. मग १९९१ साली, आपल्या शेगावात, सीताशेती आणि माजघरशेतीची हाक दिली गेली. बाईनं तिच्या तुकड्यावर पिकवायचं आणि पिकलेलं घरात प्रक्रिया करून विकायचं. शरद जोशींच्या खुल्या बाजाराच्या विचारांशी आपल्यातल्या अनेकींचं पटत नव्हतं, माझंही पटत नाही. शिवाय लक्ष्मी मुक्ती नवऱ्याच्या मर्जीवर होती. हक्क दान म्हणून मिळाला, की आयुष्यभर ऐकून घ्यावं लागतं. पण क्रम बरोबर होता. आधी जमीन, मग माजघर. आपण माजघर उचललं आणि सात-बारा तसाच ठेवला. योजनेत पिलं मिळतात, खुराडं मिळतं, ते ठेवायला जागा मिळत नाही.

कायदा काय देतो? मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा महाराष्ट्रात १९९४ साली आला, देशभर २००५ साली. तो माहेरी. नवरा जिवंत असताना त्याच्या मिळकतीत बायकोला आपोआप वाटा नाही. पण २००३ सालच्या शासन निर्णयानं गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे ग्रामपंचायतीत नोंदवता येतं. "असं काही लागत नाही," असं उत्तर आम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळालं. एकटीला मिळालं. वीस जणी गेल्या तेव्हा रजिस्टर उघडलं. घर सासऱ्याच्या नावावर असेल तिथे हे एवढ्यानं सुटत नाही, आधी वाटणीचं बोलावं लागतं, आणि त्यात घरात भांडण होतं. आमच्या त्या बहिणीसाठी आम्ही फार उशिरा पोहोचलो. ती आज भाड्याच्या खोलीत आहे. घरमालक कोंबड्या ठेवू देत नाही.

तर, ज्यांना पिलं हवीत त्यांनी नावं सांगताना घराच्या नमुना आठची नक्कल घेऊन यावी. वाचता येत नसेल तर बरोबर बसून वाचू, कुणाचं नाव आहे ते पाहू, पिलांचं त्यानंतर बोलू. आणि कितीही आग्रह केला तरी एप्रिल-मेमध्ये मी कुणालाही पिलं देणार नाही.