कात्री, कागद आणि हलते चित्र
(वार्षिक विद्यार्थी-गौरव समारंभात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी चार शब्द बोलावेत, अशी चिटणिसांची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही जुने मॅट्रिक. ३६ वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविला. अशा माणसाने ‘मोशन ग्राफिक्स’ या विषयाला हात घालावा, हे पाहून पुढच्या दोन रांगांत हसू उमटलेले आम्हांस येथून दिसत आहे. हसण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे. परंतु आम्ही उपदेश करावयास उभे राहिलेलो नाही. एक कबुली द्यावयाची आहे.

गतवर्षी आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला होता. बारावीत उत्तम गुण, रेखाकलेची एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण, वडिलांची मिळकत बेताची. ‘कोणत्या शिक्षणासाठी साहाय्य हवे?’ या रकान्यात तिने ‘मोशन ग्राफिक्स’ असे लिहिले होते. समितीत आम्ही तिघे. एकाने विचारले, “हे म्हणजे काय?” दुसऱ्याने उत्तर दिले, “कार्टून.” आणि आम्ही, म्हणजे तिच्या वडिलांना बाराखडी शिकविणाऱ्या गुरुजींनी, शेरा लिहिला : ‘शैक्षणिक स्वरूपाचे नाही. नामंजूर.’ या साऱ्या कारभारास चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

पुढे दोन महिन्यांनी ती मुलगी आमच्या दारात उभी राहिली. जाब विचारावयास आली असेल, अशा समजुतीने आम्ही उत्तराची जुळवाजुळव करू लागलो. ती म्हणाली, “गुरुजी, तुमच्याकडे जुने दिवाळी अंक आहेत ना? मला कापायला हवेत.”

आमच्याकडे चाळीस वर्षांचे अंक होते. ते द्यावयाचे आमच्या जिवावर आले, हेही सांगून टाकतो. परंतु केलेल्या अन्यायाची टोचणी मनात होती, म्हणून एक गठ्ठा सोडला; मात्र कापाकापी आमच्या डोळ्यांदेखत आमच्याच ओसरीवर व्हावी, अशी अट घातली. त्या अटीमुळे आमचे शिक्षण झाले.

प्रथम हा विषय काय आहे ते सांगतो. दूरदर्शनवर बातम्या सुरू होताना अक्षरे कोठून तरी येऊन जागेवर बसतात, निवडणुकीच्या निकालाचे स्तंभ उंचावतात, चित्रपटाच्या आरंभी नावे सरकतात. हे सारे कोणीतरी रचून हलविलेले असते. ती ही विद्या. अमेरिकेत सॉल बास या आरेखनकाराने १९५५ साली ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटाची नामावली केली, ती या विद्येतील एक मोठा टप्पा समजतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या पट्ट्या येतात, जुळतात, विस्कटतात आणि शेवटी कातरलेल्या कागदासारखा एक वाकडा हात उरतो. जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या कागदाच्या, सांधे जोडलेल्या आकृती तसू तसू सरकवून १९२६ साली संपूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला होता. आपल्याकडे पाहाल तर दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी वाटाण्याचे रोप कसे वाढते, त्याची थोड्या थोड्या अवधीने छायाचित्रे घेऊन ती सलग पळवून दाखविली होती. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून हा खटाटोप. पुढे त्यांनी आगकाड्याही नाचविल्या. तेव्हा आम्ही ज्यास ‘शैक्षणिक नव्हे’ म्हटले, त्याचा एक धागा त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका मराठी माणसाच्या हातून गेलेला आहे. हे आम्हांस त्या मुलीने सांगितले. आम्ही तिला सांगावयास हवे होते.

ती आधी एका खाजगी वर्गात गेली होती. तेथे तीन महिन्यांची फी घेऊन संगणकाची कोणती कळ दाबली असता काय होते, एवढेच शिकविले. ‘चित्र का हलवायचे आणि किती हलवायचे, हे कोणी बोललेच नाही,’ अशी तिची तक्रार. म्हणून तिने कात्रीपासून आरंभ केला होता.

तिचा पहिला धडा ऐका. काळ्या कागदाचे पाच चौकोन कापावयाचे आणि पांढऱ्या कागदावर केवळ त्यांच्या मांडणीतून एक शब्द दाखवावयाचा : ‘गर्दी’, ‘एकटा’, ‘घसरण’. आम्हांस वाटले, बालवाडीचा खेळ. ‘एकटा’ दाखविण्यासाठी आम्ही एक चौकोन कागदाच्या मधोमध ठेवला व उरलेले चार खिशात घातले. तिने ते बाहेर काढावयास लावले. चार चौकोन एका कोपऱ्यात दाटीने आणि पाचवा समोरच्या कोपऱ्यात, कडेला किंचित कललेला, अशी मांडणी तिने केली. मधोमध बसलेला चौकोन आम्हांस एकदम गादीवर बसलेल्या सावकारासारखा वाटू लागला. एकटा होता तो हा, कडेचा.

दुसरा धडा कोलाजचा, म्हणजे चिकटचित्राचा. छापील चित्रांतून सातच तुकडे घेऊन एस.टी. स्थानक उभे करावयाचे. यात तुकड्याचा आकार, त्याचा रोख, कोणता पुढे व कोणता मागे, याचा कस लागतो. एका जुन्या जाहिरातीतील अवाढव्य घड्याळ तिने छपरावर बसविले आणि त्याखाली बोटाएवढी माणसे; गाडी चुकल्याची धाकधूक पाहणाऱ्यास आपोआप होई. (आपल्या स्मरणिकेचे काही जुने अंकही या कामी आले. माजी अध्यक्षांच्या छायाचित्रांना कात्री लावू दिलेली नाही, याची ग्वाही देतो.)

मग या तुकड्यांना चालना. तिने स्टूल पालथे घालून त्याच्या पायांच्या आधाराने भ्रमणध्वनी भिंग खाली करून बांधला, खिडक्या लावल्या आणि दोहों बाजूंस दोन दिवे ठेवले. उन्हाचा भरवसा धरला तर चित्र लुकलुकते. तुकडा थोडा सरकवावा, हात मागे घ्यावा, छायाचित्र घ्यावे, पुन्हा सरकवावा. चित्रपटात सेकंदास २४ चित्रे असतात. एकेक मांडणी दोनदा चालविली तरी सेकंदास १२ मांडण्या लागतात. दहा सेकंदांच्या खेळास १२० वेळा वाकणे आले. आमच्या कंबरेने या शिक्षणाचे स्वरूप आमच्या आधी ओळखले!

आम्ही हट्टाने एक चेंडू केला. नारिंगी कागदाची रुपयाएवढी चकती, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरने खाली आणली. चालवून पाहतो तो चेंडू पडतच नाही. विहिरीत दोरीने पोहरा सोडावा तसा उतरतो. मुलगी काही बोलली नाही. आम्ही रात्रभर तळमळलो. पहाटे आमच्याच फळ्यावरचे आकडे आठवले : १, ३, ५, ७, ९. पडणारी वस्तू सारख्या वेळांत या प्रमाणात अंतर तोडते, हे गॅलिलिओचे गणित आम्ही हौसेने वरच्या वर्गातील मुलांना कितीदा तरी सांगितले होते. सकाळी चकती अर्धा सेंटिमीटर, मग दीड, अडीच, साडेतीन, साडेचार अशी सरकविली. चेंडू पडला. आम्ही ओसरीवर एवढ्याने ओरडलो की शेजारची मंडळी धावून आली. जे गणित आम्ही इतकी वर्षे तोंडाने शिकविले, ते आमच्या हातांना या वयात प्रथम कळले.

संगणकाचे कामही याहून निराळे नाही. प्रत्येक तुकडा त्यात स्वतंत्र थर म्हणून जातो. दोऱ्याची गाठ जेथे होती, तेथे फिरण्याचा बिंदू धरावयाचा. आरंभीची व अखेरची जागा सांगितली की मधल्या जागा यंत्र भरते. परंतु तसेच सोडून दिले तर सारख्या अंतराने भरते, म्हणजे आमचा पोहरा! कोठे दाटी करावी व कोठे मोकळे सोडावे, हे हलविणाऱ्यासच सांगावे लागते. आता यंत्र नुसत्या आज्ञेवर चित्रे काढते, मग हा उपद्व्याप कशाला, असे आमच्या सहकाऱ्यांनी विचारले. पुढे काय होईल याचे भविष्य आम्ही वर्तवीत नाही. ज्यास पोहरा आणि चेंडू यांतील भेद दिसत नाही, तो यंत्रास दुरुस्ती काय सांगणार, एवढेच आम्ही त्यांस विचारले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कळीत तयार नव्हती. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, एकेक उडत आले तरी शब्द बिघडत नाही. आपल्या अक्षरांना शिरोरेषा आहे. तिने ‘स्वागत’ हा शब्द कागदात कापून अक्षरे एकेक आणली, तर रेषेचे तुकडे तुकडे होऊन शब्द मोडक्या कुंपणासारखा दिसू लागला. चार दिवस यातच गेले. अखेरीस तिने शिरोरेषा निराळी कापली. आधी ती पट्टी डावीकडून उजवीकडे ताणली जाते, आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी अक्षरे खालून येऊन तिला लागतात. ‘स्वा’मधील अर्धा ‘स’ ‘वा’ला बिलगूनच येतो, कारण त्याला एकट्याने उभे राहता येत नाही. अठ्ठेचाळीस मांडण्या, चार सेकंद. आज दीपप्रज्वलनापूर्वी पडद्यावर आपण जो ‘स्वागत’ पाहिला व ज्यास टाळ्या दिल्या, तो हाच. तिचे नाव कार्यक्रमपत्रिकेत नाही, कारण पत्रिका छापून झाल्यावर आम्ही ही गळ घातली.

पालकांस एक सूचना. या विषयाचे रीतसर शिक्षण मिळते. अहमदाबादची राष्ट्रीय आरेखन संस्था व मुंबईच्या आय.आय.टी.मधील आरेखन विभाग येथे ॲनिमेशन हा पदवीचा विषय आहे. प्रवेश कठीण आहे. फी भरण्यापूर्वी मुलाच्या हाती कात्री द्या, आणि १२० वेळा वाकल्यानंतरही तो १२१ व्या वेळी वाकतो का, ते पाहा.

सभागृहाबाहेरील मेजावर काळा कागद, दोन कात्र्या आणि पालथे स्टूल मांडले आहे. मुलांनी यावे, मोठ्यांनीही लाजू नये; आमचा चेंडू तेथेच आहे. शिष्यवृत्ती समितीची बैठक येत्या रविवारी सकाळी दहाला आहे. गतवर्षीचा तो अर्ज फेरविचारासाठी पहिला ठेवला असून आमचा जुना शेरा आम्ही स्वहस्ते खोडला आहे. दुसऱ्या दोन सभासदांनी अद्याप सही केलेली नाही. ते दोघेही समोरच बसलेले आहेत. जेवणापूर्वी त्यांनी मेजाकडे यावे.