हालचाल ओळखणारा दिवा



जिन्यात पाऊल पडताच दिवा आपोआप लागला, की ‘दिव्याला डोळे आहेत’ असे मुले म्हणतात. ही समजूत तशीच राहू देणे इष्ट नव्हे.

मनुष्यदेहातून अदृश्य अवरक्त किरण सतत बाहेर पडतात; सुमारे ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीपाशी त्यांचा जोर सर्वाधिक असतो. उपकरणातील स्फटिकावर उष्णतेच्या बदलाने विद्युत्‌भार उत्पन्न होतो. त्याचे दोन भाग परस्परविरुद्ध जोडलेले असतात. दोहोंवर सारखेच किरण पडल्यास परिणाम शून्य. माणूस चालू लागला, की खाचदार भिंगातून ते आधी एका, मग दुसऱ्या भागावर पडतात. हा फरक टिपला जाऊन दिवा लागतो.

म्हणूनच माणूस बराच वेळ निश्चल बसल्यास दिवा विझतो. खिडकीची काच हे किरण अडविते; तिच्याआडची हालचाल कळत नाही. वैशाखात भिंती देहाइतक्या तापल्या, की उपकरण मंदावते. घराच्या रक्षणासाठी केवळ त्यावर विसंबणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे.

मुलांना आधी तर्क करू द्यावा, मग काचेआडून चालून पडताळा घेऊ द्यावा. उपकरण पाहत नाही, फरक ओळखते, हे त्यांचे त्यांनाच उमजेल.