पान लागल्यावर काय पाहायचं?

(शेलू येथील पावसाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

मंडळी, बाहेरच्या फलकावर विषय लिहिलाय 'विषारी साप कसे ओळखावेत'. त्यातलं निम्मं या सभागृहाला आधीच ठाऊक आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं शेलू-नेरळकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. नागाचा फणा, घोणशीच्या पाठीवरच्या ठिपक्यांच्या तीन रांगा, तिचा कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार, अंगाला अंग घासून खरखर करणारं फुरसं, यात आज वेळ घालवायला नको. (मागून आवाज: "मण्यार राहिली!") मण्यार मुद्दामच मागे ठेवली आहे. आजचं सगळं घोडं तिच्यापाशीच अडतं. (हशा)

मण्यार निळसर काळी, अंगावर बारीक पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या. पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. तिच्याशी ज्याची गल्लत होते तो कवड्या साप तपकिरी, बिनविषारी, पालींच्या मागे भिंतीवर चढणारा. त्याचे पट्टे मानेपाशी रुंद आणि शेपटीकडे पुसट. पुस्तकातल्या चित्रात हा फरक सोपा वाटतो. पण मण्यारीच्या पिलाच्या अंगावर पट्टे पार पुढपर्यंत असतात. रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, मोबाइलच्या उजेडात माळ्याखाली गेलेली वीतभर शेपटी पाहून ती कुणाची हे सांगणं जाणत्या सर्पमित्रालाही अवघड जातं. मग त्या अंदाजावर एका माणसाचा जीव कशाला टांगून ठेवायचा?

म्हणून साप ओळखायला जरूर शिका. पण एकदा पान लागलं, म्हणजे साप चावला, की सापाचा नाद सोडा आणि माणसाकडे पाहा.

याला कारण आहे. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस या चारही सापांवर एकच आहे. हाफकिनसारख्या संस्था घोड्यांना थोडं थोडं विष टोचतात आणि त्यांच्या रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांपासून ती बनवतात. सापाचं नाव कळलं तर डॉक्टरांना मदतच होते, पण नाव कळलं नाही म्हणून उपचार अडत नाहीत. लस द्यायची की नाही हे लक्षणांवर ठरतं. आपल्या डोंगरांतला हिरवा चापडा तेवढा या लशीत येत नाही. त्याच्या दंशाने बहुतेकदा सूज आणि वेदना होतात, मृत्यू क्वचितच. तरी गाठायचं रुग्णालयच.

आता मण्यारीकडे. ती रात्री अंथरुणात चावते, तेही बहुतेक जमिनीवर झोपलेल्यांना. दात इतके बारीक की खूण दिसेलच असं नाही. सूज नाही, आग नाही. माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो आणि घरचे पित्त समजून सोडा पाजतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मान उचलत नाही, आणि शेवटी श्वास थांबतो. अशा घरात पाहायला साप नसतोच. पाहायची ती पापणी. रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगा, थोड्या वेळाने पुन्हा मोजायला लावा. आकडा घसरत चालला तर श्वासाचे स्नायू थकत चालले आहेत, आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय लागणार आहे.

घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं. त्याची तपासणी गावच्या आरोग्य केंद्रातही होते. काचेची नवी, कोरडी परीक्षानळी घ्यायची. साबणाने धुतलेली चालत नाही, कारण तिच्यात चांगलं रक्तही गोठत नाही. दोन मिलिलिटर रक्त घालून नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग तिरकी करायची. गाठ जागची हलली नाही तर ठीक. रक्त पाण्यागत वाहिलं तर विष भिनलंय. नळीला सापाचं नाव विचारावं लागत नाही.

रुग्णाकडे पाहून काय साधतं, यासाठी इथे रायगडातल्याच एका माणसाची गोष्ट सांगायला हवी. साप सोडून विंचवाकडे वळल्याबद्दल श्रोत्यांनी रागावू नये. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेली मुलं डोळ्यांदेखत दगावत होती. बावस्कर त्या रुग्णांच्या खाटेशेजारी रात्ररात्र बसले. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा, सगळं लिहून काढत गेले. आधी रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, हा क्रम त्यांना तिथे दिसला. १९८२ मध्ये त्यांचं निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं, रक्तदाबावरचं साधं, स्वस्त औषध. जिथे शंभरातले तीस-चाळीस जात, तिथे हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ ची पद्मश्री त्या जागरणांची आहे. सर्पदंशावरही त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी लिहिलं. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे यांनीही रुग्णांजवळ राहूनच सर्पदंशावरचं काम उभं केलं. (टाळ्या)

(एक श्रोता: "मग सर्पमित्रांनी काय घरी बसायचं?") मुळीच नाही. घरात निघालेला साप मारू न देणं, लोकांना धीर देणं, रुग्णाला गाडीत घालणं ही कामं त्यांचीच. फक्त चावलेला साप बरणीत भरून रुग्णालयात आणू नका. पकडताना दुसऱ्याला चावतो. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाही तर निघा.

मंत्राने विष उतरवणाऱ्या भगताचा प्रश्नही चिठ्ठीवर आलाय. भगताकडे गेलेली माणसं वाचतात हे खरं आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही कधी कधी विष न सोडता चावतो. ज्याच्या अंगात विष गेलंय, त्याचे मात्र भगताकडे गेलेले तास परत येत नाहीत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,०००. यातली बहुतेक खेड्यांतली.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय, आणि काहींना कर्जत लोकल गाठायची आहे. तेव्हा भराभर. आवळपट्टी बांधू नका, ब्लेड लावू नका, तोंडाने विष ओढू नका. दंशाचा हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवा, अंगठी-बांगड्या काढा, चालवत नेऊ नका, १०८ ला फोन लावा. मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून झोपा. नेपाळच्या तराईत तिचा उपयोग अभ्यासातून दिसला आहे.

आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात आज लशीच्या किती व्हायल आहेत, आणि रात्री त्या द्यायला कोण असतं? उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.